झाकणाची आतली बाजू

शाहूपुरीतल्या दुकानात गजबर मुल्लाणींनी
काउंटरवर फडकं पसरून कॅमेरा ठेवला,
गुजरीतला सोनार दागिना ठेवतो तसा, वजनाआधी.
"घ्या हातात. चावत नाही."

सव्वीस वर्षं लेथवर गेलेली बोटं
मी पँटला दोनदा पुसली.
कूलंटचा वास गेला नाही तो नाहीच.
खिशात दिवाळीचा बोनस,
वर वैजयंताच्या भिशीचे अकरा हजार.
"परत द्यायचे हं," हे ती तीनदा म्हणालेली,
तिसऱ्यांदा हसत.

यादी मी रात्रपाळीत जॉबकार्डाच्या पाठीवर केलेली.
सोळा वस्तू.
चाचांनी कानावरची पेन्सिल काढली
आणि शेतातलं तण उपटावं तसे सुटले:
फ्लॅश नको, आधी उजेड कुठनं येतोय ते हुडका.
मोठी लेन्स नको, हिच्यासंगं आलेली जुनी होऊ दे.
रंगीत फिल्टर? आभाळाला रंग हाय की.
कार्डं मात्र दोन घ्या, एकट्यावर भरवसा नको.
जादा बॅटरी घ्या. रबरी फुंकणी घ्या.
आणि शर्टाच्या टोकानं काच पुसताना दिसला
तर ह्या दुकानाची पायरी चढू नका.
"तिपाई?" मी विचारलं.
"पुढच्या बोनसला. तवर किलोभर तांदूळ पिशवीत घाला,
त्याच्यावर टेकवा, बैठक मारून बसतंय.
फोटो नाही आला तर भात लावा."

नाकापेक्षा मोती जड होता होता राहिला.

गळ्यातला पट्टा मी पिराजी सातपुतेकडं टाकला, सुभाषनगरात.
"कॅमेऱ्याला चप्पल?" म्हणाला,
तळहातावर वजन तोललं,
वादीनं शिवलं, तेल पाजलं,
आणि हाताच्या सवयीनं दोन पदरांत
करकरीचं बी घालून बसला.

रविवारी साडेसहाला रंकाळा.
दगडावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला,
दोरीवरच्या काळ्या सदऱ्यागत.
एम वर फिरवलं. शटर पाचशे.
हे मला कळतं,
एक सूत हुकलं की जॉब भंगारात, ह्यातच जन्म गेला.
श्वास धरला. कॅमेरा उचलला.
कर्रर्र.
तळ्यापलीकडं एक कुत्रंसुद्धा वळून बघायला लागलं.
फोटोत दगड आहे. ओला. मधोमध. एकदम शार्प.

पिराजी म्हणाला, "बी काढून देतो."
पण आवाजात त्याच्या जरा खोट आली.
कोल्हापुरी म्हटल्यावर माणूस येतोय हे कळाय नको?
मी म्हटलं, राहू दे.

पण तो दगड दुसऱ्या नंबरचा.
पहिला फोटो आदल्या रात्रीचा, घरातला.
टेबलावर तांदळाची पिशवी, पिशवीवर कॅमेरा,
समोर वैजयंता, पदर दोन्ही खांद्यांवरनं घेऊन.
फोकस मी हातानं लावला, यंत्रावर सोडला नाही.
टायमर दहा सेकंदांचा.
चाचांनी बजावलेलं, काम झालं की झाकण.
काम झालं वाटलं. लावलं.
बटण दाबून पळालो, उभा राहिलो.
लाल दिवा उघडमीट करायला लागला, हळू,
मग घाईनं.
सातव्या-आठव्याला तिनं माझं कोपर धरलं.
कितव्या वर्षानं, ते मोजायला
माझ्याकडं मायक्रोमीटर नाही.

खट्‌.

पडद्यावर काळं. काठापासून काठापर्यंत काळं.
मी कपाळावर हात मारला, पुसायला निघालो,
तर तिनं कॅमेरा ओढून घेतला,
तिरका केला, लांब धरला, जवळ आणला.
"असू दे," म्हणाली,
"ह्यात मी बारीक दिसाय लागलोय."
आणि तांदूळ परत डब्यात ओतले.